दुखलं तर डावा हात

"काका, आ करा. अजून. अजून थोडा."

मी आ केला. पद्मजाने एका हातात टॉर्च धरला होता आणि दुसऱ्या हातातल्या छोट्या गोल आरशाने ती माझ्या तोंडात शोधाशोध करत होती. रविवारची सकाळ होती. आम्ही माझ्या घराच्या पायरीवर बसलो होतो आणि रस्त्याने जाणारे लोक क्षणभर थांबून पाहत होते. त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या बहुतेकांनी तिच्यापुढे असा आ केला होता. त्यामुळे कोणाला नवल वाटत नव्हते. माझ्या तोंडात काय निघते एवढेच त्यांना पाहायचे होते.

"उजवीकडे खाली एक आहे," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम मोकळा झाला. "पार किडलेली. ठेवून काही उपयोग नाही हिचा. कधी दुखली होती?"

"गेल्या वर्षी. मग आपोआप थांबली."

"आता?"

"आता शांत आहे."

"मग ती मला द्या, काका," पद्मजा म्हणाली, आणि टॉर्च बंद करून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि पाय हलवू नका. आईनं पाहिलं तर बोलेल."

बसल्या बसल्या पाय हलवायची मला सवय होती. शेजारच्या शिरगुप्पेवहिनी, म्हणजे पद्मजाच्या आई, हे अशुभ मानत आणि मला कुंपणापलीकडून तसे सांगत. मी पाय थांबवला. थोड्या वेळाने तो पुन्हा हलू लागला असणार.

पद्मजा जिल्ह्याच्या ठिकाणी दंतवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिथला एक रिवाज बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतो. अखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकासमोर दाढ काढून दाखवावी लागते आणि ती दाढ, तिच्या मालकासकट, विद्यार्थ्याने स्वतः शोधून आणायची असते. दाढ फार हलणारी नको, कारण मग परीक्षा कसली. फार घट्टही नको. ती दुखती नको, सुजलेली नको. माणसाला रक्तदाब नको, साखर नको आणि परीक्षेच्या दिवशी सकाळी त्याचे मन बदलायला नको. मुले महिना महिना आधीपासून, स्थळ शोधावे तशी, दाढ शोधत फिरत.

पद्मजाची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला तिने बाजारातला एक हमाल नेला होता. ऐन परीक्षेत तो ओरडला आणि पद्मजा नापास झाली. गल्लीला एवढेच माहीत होते.

"मला ओरडणारा माणूस नकोय," ती म्हणाली. "तुम्ही ओरडत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्या गावाला माहीत आहे, काका."

ते खरे होते. मी पाटबंधारे खात्यात आरेखक होतो. कालव्यांचे नकाशे आणि छेद काढण्यात माझे आयुष्य गेले. पण गावात माझी ओळख वेगळी होती. आमच्या हौशी नाट्यमंडळात मी प्रेताची भूमिका करत असे. सुरुवातीला मला नोकराची भूमिका दिली होती, पण माझा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जात नाही असे दिग्दर्शकाचे म्हणणे पडले. मग एका रहस्यनाटकात मला सबंध दुसऱ्या अंकात सोफ्यावर मरून पडायला सांगितले. मी पडलो. स्पर्धेच्या प्रयोगात एक माशी माझ्या नाकावर बसली, तिथून ओठावर आली आणि बराच वेळ फिरत राहिली. निम्मे प्रेक्षक नाटक सोडून तिच्याकडे पाहत होते. मी हललो नाही. नाटकाला काही मिळाले नाही, पण परीक्षकांनी भाषणात प्रेताचा उल्लेख केला. पुढे मंडळ नाटक निवडतानाच त्यात प्रेत आहे ना, ते पाहू लागले.

लोक विचारत, हे जमते कसे. त्यात विशेष काही नव्हते. पडल्या पडल्या मी मनात कालव्याचा छेद काढायला घेत असे. तळाची रेघ, दोन्ही बाजूंचा उतार, मग मातीचा भराव. रेघ मध्येच सोडता येत नाही. त्यामुळे बाकी सगळे दूर राहते.

माझी पत्नी इंदुमती या गोष्टीच्या काही वर्षे आधी गेली. त्या दिवशीही मी आवाज केला नव्हता आणि त्याबद्दलही गावात बोलले गेले होते. मात्र ते बोलणे कौतुकाचे नव्हते.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात शिरगुप्पेवहिनी वाटीभर उपीट घेऊन कुंपणापाशी आल्या.

"भाऊजी, मी बोलले असं तिला सांगू नका."

"नाही सांगत."

"हल्ली तिचे हात थरथरतात. पोळी लाटताना पाहिलं मी. नकाशा झाला पोळीचा. परवा म्हणाली, या वेळी नापास झाले तर सोडून देणार कॉलेज. पुस्तकंसुद्धा बांधून ठेवलीत म्हणे कोणाला द्यायला."

"होईल पास."

"तुमच्यावर आहे सगळं. तुम्ही तेवढं हलू नका."

"तेवढं एक मला येतं, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या पायाकडे पाहिले. तो हलत होता. "देवा," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी कार्यालयात पट्टी आणि पेन्सिल हातात असताना माझी दाढ जागी झाली. आधी ठणका आला आणि गेला. मग आला तो गेलाच नाही. संध्याकाळपर्यंत त्या बाजूने पाणीही पिववेना. बाहेरून सूज नव्हती. आरशात पाहिले, तर माझे तोंड नेहमीसारखेच दिसत होते.

मी कुंपणापर्यंत गेलो. शिरगुप्प्यांच्या खिडकीत दिवा होता आणि पद्मजा मोठ्याने काहीतरी पाठ करत होती. आता सांगितले असते, तर तिला उद्यासाठी दुसरी दाढ शोधावी लागली असती, आणि गल्लीतली सगळी तोंडे तिने केव्हाच धुंडाळली होती. मी परत आलो. लवंगेच्या तेलात कापूस भिजवून दाढेत दाबला, गोळी घेतली आणि डाव्या कुशीवर निजलो.

सकाळी आम्ही एसटीने निघालो. पद्मजा मांडीवर पुस्तक उघडून बसली होती, पण पान उलटत नव्हती.

"काका, लवंगेचा वास येतोय."

"मला गाडी लागते."

"कधीपासून?"

"आजपासून," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, पण तेवढ्यात कंडक्टर आला आणि विषय राहिला.

दंतमहाविद्यालयाच्या त्या विभागाबाहेर एक लांब बाक होते आणि त्यावर परीक्षेला आणलेली माणसे बसवली होती. प्रत्येकाला चहा-बिस्किटे मिळाली होती आणि प्रत्येकावर कोणीतरी नजर ठेवून होते. कारण ऐन वेळी ज्याचा माणूस पळून जाई, तो दुसऱ्याचा माणूस वळवण्याच्या खटपटीला लागे. पद्मजा आत आपली हत्यारे मांडायला गेली, तोच एक चष्मेवाला विद्यार्थी माझ्याशेजारी येऊन वाकला.

"काका, तुमची कुठली?"

"खालची. उजवी."

"वा. कोणाकडे बोलली आहे?"

"शिरगुप्पे."

"अच्छा." त्याने सहानुभूतीने मान हलवली. "गेल्या वेळी त्यांच्या पेशंटचा आवाज पार गेटपर्यंत ऐकू आला होता. नाही, तुमचं तुम्ही बघा. मी समोरच्याच खोलीत आहे."

तो गेल्यावर माझ्या पलीकडे बसलेली म्हातारी हसली. तिच्या तोंडात पुढचे दोन दात आणि मागे एखादी दाढ एवढेच दिसले. तिचे नाव हौसाबाई. जवळच्या एका खेड्यातून तिला आणले होते आणि तिच्या विद्यार्थ्याने तिला खांबाच्या आड बसवून ठेवले होते.

"तुमची पैलीच दिसतीया," ती म्हणाली.

"हो."

"म्या दर परीक्षेला येती. ह्यास्नी लागंल तशी एक-एक देती. समदी संपली की कवळी करून देनार हायत." तिने बिस्किट चहात बुडवले. "काय भ्यायचं न्हाई. सुई मुंगी चावल्यागत लागती. मग व्हट असा व्हतोय, जनू दुसऱ्याचा आनून चिकटिवलाय. मग कायबी करंनात."

"अजिबात दुखत नाही?"

"न्हाई दुखत. पन म्या काय करती, सुई टोचायच्या आदीच वरडती. मंजी पोरगं दचकतंय आन् औशीद जरा जास्ती घालतंय. गप बसनाऱ्याला कमी घालत्यात."

"मी ओरडत नाही."

"का?" तिने खरोखर कुतूहलाने विचारले. "पैसं पडत्यात व्हय?"

तेवढ्यात पद्मजाने दारातून हाक मारली.

परीक्षक बाहेरगावचे होते, डॉ. हुद्दार. किडकिडीत अंगाचे, गळ्यात टाय, एका उंच स्टुलावर पाय जुळवून बसलेले. त्यांनी मला नमस्कार केला, माझे नाव विचारले आणि 'रेठरेकर' असे कागदावर लिहून घेतले. खुर्ची मागे झुकली. वर मोठा दिवा होता.

"काका," पद्मजा म्हणाली. तिने मुखपट्टी लावली होती आणि मला तिचे फक्त डोळे दिसत होते. "आता इंजेक्शन देतेय. ते थोडं टोचेल. नंतर तुम्हाला दाब जाणवेल, खूप जाणवेल, पण दुखणार नाही. दाब आणि दुखणं यांत फरक आहे. दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन. काही झालं तरी थांबेन."

"बरं."

सुई पाहिली तेव्हा तिचे टोक थरथरत होते. तोंडाजवळ आल्यावर ते स्थिर झाले. टोचले, मुंगीपेक्षा थोडे जास्त. मग भूल चढेपर्यंत आम्ही तिघेही थांबलो. भिंतीपलीकडून हौसाबाईची एक दणदणीत आरोळी आली आणि पाठोपाठ तिचे शांत बोलणे ऐकू आले.

"ओठ कसा वाटतोय?"

"जड. दुसऱ्याचा आणून चिकटवल्यासारखा."

डॉ. हुद्दारांनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. पद्मजाने अणकुचीदार टोचणीने माझी हिरडी बाहेरून टोचली, आतून टोचली. काहीच कळले नाही. जीभ अर्धी गेली होती, हनुवटी अर्धी गेली होती. मला बरे वाटले. काल दुपारपासून प्रथमच वाटले की हे सगळे विनासायास पार पडणार.

मग तिने एक बारीक पात्याचे हत्यार दाढेच्या कडेला घातले आणि दाढ सैल करायला जोर दिला.

त्या वेदनेचे वर्णन करण्याचा प्रयत्न मी नंतर केला आहे आणि मला ते जमलेले नाही. वरचे सगळे बधिर होते. ओठ माझा नव्हता, हिरडी माझी नव्हती. पण खाली, हाडात, दाढेची मुळे रुतली होती तिथपर्यंत कोणी निरोपच पोहोचवला नव्हता. ती जागा पूर्ण जागी होती आणि पात्याचे टोक थेट तिच्यापर्यंत जात होते.

मी तळाची रेघ आखायला घेतली.

दिव्याच्या कडेवर नजर लावली. श्वास नाकाने, अर्धा. हात खुर्चीच्या दांड्यांवर सैल ठेवले, कारण घट्ट धरलेला हात दिसतो. तळाची रेघ झाली. डावीकडचा उतार. तिने पुन्हा जोर दिला. उजवीकडचा उतार. मला पद्मजाची बांधून ठेवलेली पुस्तके दिसत होती. त्यांना सुतळीची गाठ होती. मी भरावाची रेघ धरली आणि ती सोडली नाही. आजवर केलेल्या सगळ्या भूमिकांत ही सर्वांत चांगली होती, असे आजही माझे मत आहे.

पात्याचा जोर थांबला.

"काका?"

मी हुंकार दिला.

"दुखतंय?"

हत्यार बाहेर आले होते. "छे," मी म्हणालो. "दाब आहे फक्त."

तिने हत्यार पुन्हा तोंडाजवळ आणले. आणले आणि तिथेच धरले. मग ते ट्रेमध्ये ठेवल्याचा आवाज झाला.

"सर, मी थांबतेय. यांना भूल चढलेली नाही."

डॉ. हुद्दार स्टुलावरून उतरले नाहीत. "ओठ बधिर आहे," ते म्हणाले. "हिरडीवर तुम्ही टोचून पाहिलंत, मी बघत होतो. रुग्णाची तक्रार नाही. कशावरून म्हणता?"

"सर, हे हलत नाहीयेत."

"रुग्ण हलत नाही, ही तुमची तक्रार आहे?"

"हो, सर."

डॉ. हुद्दारांनी पेनाचे टोपण लावले.

"जरा विस्ताराने सांगा."

"ज्याला दुखत नाही तो माणूस खुर्चीत हलतो, सर. लाळ गिळतो, दिव्याकडे बघतो, दारात कोण आलं ते बघतो. बधिर झालेल्या माणसाला थोड्या वेळानं कंटाळा येतो." तिने माझ्याकडे बोट केले. "हे कंटाळलेले नाहीत."

डॉ. हुद्दार उतरून माझ्याजवळ आले. "रेठरेकर, खरं सांगा. दुखतंय का?"

"नाही, साहेब. दाब जाणवतो. दाब आणि दुखणं यांत फरक आहे."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"डॉक्टरांनी," मी पद्मजाकडे बोट दाखवले. तिला याचे गुण मिळावेत असा माझा हेतू होता.

"शिरगुप्पे," ते वळले, "बाहेर अजून मुलं थांबली आहेत. रुग्ण स्पष्ट शब्दांत नाही म्हणतोय. तुम्ही थांबलात, तर मला कारण नोंदवावं लागेल. काय नोंदवू?"

"ते खोटं बोलतायत असं नोंदवा, सर."

मला राग आला. एवढी वर्षे शेजारी राहून ही मुलगी परक्या माणसासमोर मला खोटे पाडत होती आणि तेही स्वतःचे नुकसान करून. मी नजर दिव्यावरच ठेवली. ती माझ्या कानाशी वाकली. मुखपट्टी तिने खाली ओढली होती.

"काका, काकू गेल्या त्या दिवशी आईनं मला तुमच्याकडे चहा देऊन पाठवलं होतं. आठवतंय?"

मला आठवत नव्हते.

"तुम्ही पायरीवर असेच बसला होता. कप हातात होता, त्यावर साय धरली. माशा हातावर बसत होत्या. तुमची मेहुणी आत सगळ्यांना सांगत होती, याला काही वाटतच नाही, नाटकातल्यासारखा बसलाय. मी खालच्या पायरीवर होते, काका. कप परत न्यायचा होता ना, म्हणून बसून राहिले." ती थांबली. "तुमचा पाय हलत नव्हता. मी संध्याकाळपर्यंत बघत होते."

मी भरावाची रेघ शोधली. ती नव्हती. तळाची रेघ नव्हती, कागदच नव्हता. वर दिवा होता आणि दिव्याच्या काचेत माझे उघडे तोंड दिसत होते.

माझा डावा हात दांड्यावर होता. तो वर गेला. मी तो नेला असे मी म्हणणार नाही, पण खाली आणण्याचा प्रयत्नही मी केला नाही.

"ठीक," डॉ. हुद्दार म्हणाले. त्यांनी माझ्या तोंडाजवळ नाक आणले. "लवंग. कधीपासून दुखतेय?"

"काल दुपारपासून."

"आणि सांगितलं का नाही?"

"हिला दुसरी शोधावी लागली असती."

"आतून सूज धरलेल्या दाढेवर ही भूल अर्धवट चालते," ते म्हणाले. बोलत होते माझ्याशी, पण पाहत होते तिच्याकडे. "ओठ सांगतो की काम झालं आणि मूळ सांगतं की नाही झालं. मग काय करायचं, शिरगुप्पे?"

"पुन्हा देईन, सर. थोडं वरच्या बाजूला. आणि मग एक अगदी दाढेच्या कडेनं, मुळालगत."

"मग द्या. माझ्या परवानगीसाठी कशाला थांबता."

तिने दिले. सुईचे टोक या वेळी थरथरत होते की नाही, ते मी पाहिले नाही. आम्ही पुन्हा थांबलो. ती मला काही विचारत नव्हती आणि मी काही सांगत नव्हतो. भिंतीवर दातांचा एक मोठा तक्ता होता. मी तो वरून खाली वाचला. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होते आणि ती सुरू होत नव्हती. पेट्रोल संपले असावे, असे मला वाटले.

"सुरू करा आता," डॉ. हुद्दार म्हणाले.

पद्मजाने त्यांच्याकडे पाहिले. ते माझ्या पायांकडे पाहत होते. माझा उजवा पाय हलत होता.

दाढ निघायला वेळ लागला. जुन्या लाकडातून खिळा उपटावा तसा आवाज माझ्या डोक्यात होत होता. जबडा इकडून तिकडे ढकलला जात होता. दाब होता, भरपूर दाब होता, आणि त्यापलीकडे काही नव्हते. स्कूटर अखेरीस सुरू झाली. मला चक्क कंटाळा आला.

जाताना डॉ. हुद्दार दारापर्यंत आले. "रेठरेकर, तुम्ही उत्तम नट आहात," ते म्हणाले. "कृपया पुन्हा परीक्षेला येऊ नका."

मी तोंडात कापसाची घडी दाबून बाहेरच्या बाकावर बसलो. हौसाबाई तिथेच होती, तशीच घडी दाबून. थोड्या वेळाने पद्मजा आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. तिने हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि त्यांच्याकडे ती पाहत होती.

"निकाल?" मी विचारले. ते शब्दासारखे निघाले नाही, पण तिला कळले.

"आज नाही सांगत." तिने बोटे मिटली, उघडली. "काका, एक सांगू? गेल्या वेळी तो माणूस ओरडला म्हणून मी नापास झाले नव्हते. घरी मी तसं सांगितलं. तो ओरडला, हात वर केला त्यानं. आणि मी थांबले नाही. मला वाटलं, झालंच आहे, एवढं उरकून टाकू. मी त्याला म्हटलं, जरा सहन करा."

मी तिच्याकडे मान वळवली.

"परीक्षकांनी हत्यार काढून घेतलं माझ्या हातातून. म्हणाले, आता सहा महिने तुम्ही सहन करा." ती हसली नाही. "म्हणून या वेळी न ओरडणारा माणूस हवा होता. म्हणजे थांबायची वेळच येणार नाही, असं वाटलं."

निकाल पुढे यथावकाश लागला आणि ती पास झाली. आज तिचा दवाखाना आमच्याच गावात आहे. पण त्या दुपारी हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही तिघे एका ओळीत बसलो होतो आणि समोरून मुले आपापली माणसे घेऊन जात होती.

हौसाबाई पद्मजाच्या पाठीमागून माझ्याकडे वाकली. "दुखलं का हो?" तिने घडीआडून विचारले.

मी मान हलवली. हो म्हणून.

"लई?"

मी पुन्हा हलवली.

"मग वरडायचं न्हाई व्हय?" हौसाबाई म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलेले दिसत होते. "एवढं कशापायी गप बसायचं?"

माझ्या डोळ्यांतून पाणी येत होते. डाव्या बाजूचे ओठाच्या कोपऱ्यापाशी आले तेव्हा मला समजले आणि मी ते पुसले. उजव्या बाजूचे समजले नाही. ओठ आणि हनुवटी अजून माझी झाली नव्हती. सदऱ्यावर ओला डाग पडला, तेव्हा पद्मजाने आपला रुमाल काढला आणि ती बाजू पुसली.

"हललात तरी चालेल, काका," ती म्हणाली.